दुपारी दोन वाजता घरी कोण असतं?

प्रश्न : नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं. घरी त्या, त्यांचे यजमान, पाचवीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. यजमान अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, त्या स्वतः बँकेत. घरी पोचायला साडेसहा होतात. मुलीला बऱ्याच दिवसांपासून कुत्रा हवा आहे. यजमानांनी बाहेरगावच्या एका ब्रीडरकडे लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी पाच हजार रुपये इसार देऊन ठेवला आहे. एकूण किंमत बावीस हजार. पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की ऐन पाडव्याला ट्रॅव्हल्सने येणार आणि मुलीला दिवाळीची भेट मिळणार, असा बेत. मुलीला याचा पत्ता नाही. मधल्या काळात तिने एका दत्तक शिबिरात अडीच वर्षांचा तपकिरी-पांढरा गावठी कुत्रा पाहिला. अपघातात पाय मोडल्यावर तो शेल्टरमध्ये आला. आता बरा आहे, नसबंदी झाली आहे, किंचित लंगडतो. तेव्हापासून जेवताना रोज त्याचाच विषय. यजमान म्हणतात, "जातिवंताचा स्वभाव माहीत असतो. शेल्टरमधल्याचा मागचा इतिहास कोणाला ठाऊक? उद्या पोरीला चावला तर?" गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई म्हणतात, "रस्त्यावरचं कुत्रं घरात नको, देवघर आहे." ताई विचारतात, "विकत घ्यायला मन धजत नाही आणि दत्तक घ्यायला धीर होत नाही. लॅब घेतला तर मी दुष्ट ठरेन का?"

उत्तर :

ताई, कुत्रा कोणाला हवा आहे हे तुम्ही छान सविस्तर लिहिलंत. तो राहणार कोणाजवळ, हे मात्र पत्रात कुठेच नाही. मुलगी शाळेत, तिथून क्लासला. यजमान शिफ्टला. तुम्ही साडेसहाला. म्हणजे सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन वाजता त्या कुत्र्याजवळ सासूबाई असणार. घरात ज्यांचा विरोध आहे, नेमक्या त्याच. लॅब की गावठी हा वाद थोडा बाजूला ठेवून आधी या दुपारकडे बघू या, कारण त्यातून बाकीचं पुष्कळ आपोआप सुटतं.

दीड-दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरू शकत नाही. दिवसातून चार वेळा त्याला खायला लागतं. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत चप्पल, सोफ्याचा पाय, साडीचा पदर, काहीही चालतं. लसींचा पूर्ण क्रम होईपर्यंत ते रस्त्यावर न्यायचं नसतं, म्हणजे हे सगळं घरातच. फरशी कोण पुसणार? गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एकाहत्तरीच्या बाई. आणि वर्षभरात तेच पिल्लू पंचवीस-तीस किलोचं होऊन आनंदाच्या भरात त्यांच्या अंगावर उडी मारणार. लॅब प्रेमळ असतो, त्यात शंकाच नाही. पण प्रेमाने मारलेल्या धडकेनेही माणूस पडतो.

मोठा झालेला, शांत, नसबंदी झालेला कुत्रा सकाळी फिरवून आणला तर दुपारभर बहुधा झोपतो. सहा-सात तास लघवी धरतो. तुमच्या घराच्या वेळापत्रकाला पिल्लू परवडणारं नाही, मग ते बावीस हजारांचं असो की फुकटचं. शेल्टरमधलं गावठी पिल्लू आणायचं तुम्ही ठरवलं असतंत तरी मी हेच लिहिलं असतं.

आता यजमानांचा मुद्दा. मुलीच्या काळजीने विचारलेला त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर त्यांना वाटतं त्याच्या उलट दिशेला आहे. चाळीस दिवसांच्या पिल्लाचा स्वभाव कोणालाच माहीत नसतो, ब्रीडरलाही नाही. जात कळली म्हणजे स्वभाव कळला, हे आपण गृहीत धरतो. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता आला. रंग, उंची, केस यांची खात्री जात देते. कोण मुलांवर गुरगुरेल याची देत नाही. तेव्हा ज्याला खात्री हवी आहे त्याने अडीच वर्षांचाच कुत्रा बघावा. त्याची उंची ठरलेली आहे, भूक ठरलेली आहे. कोणाला घाबरतो, कशावर भुंकतो, लहान मुलं जवळ आली की शेपूट कुठे जाते, हे सगळं आज डोळ्यांनी बघता येतं आणि त्याला रोज खाऊ घालणाऱ्यांना विचारता येतं. इतिहास ठाऊक नसेल, पण वर्तमान समोर उभा आहे.

इथे एक सावधगिरी. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात माणूस जेवढा कळतो, तेवढाच शेल्टरमधला कुत्रा पहिल्या भेटीत कळतो. चारी बाजूंनी भुंकणं चाललेलं असताना गरीब कुत्राही जाळीवर धावून येतो, आणि खरा भित्रा कुत्रा कोपऱ्यात बसलेला 'किती शांत' वाटतो. म्हणून एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, असे वेगवेगळ्या वेळी जा. पट्ट्याला धरून जाळीबाहेर फिरवून बघा. खाताना मध्ये काही घडलं तर काय करतो, पाय-कान हाताळू देतो का, हे तिथल्या माणसांना तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. स्वतः पहिल्या दिवशी प्रयोग करू नका. यजमानांना घेऊन जा, मुलीला न्या, आणि जमलं तर सासूबाईंना रिक्षाने का होईना, एकदा न्याच. तुमच्या या कुत्र्याच्या मोडलेल्या पायाचे एक्स-रे मागून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा: थंडीत दुखेल का, तीन मजले चढवावेत का. रेबीजची आणि बाकीच्या आजारांची लस कधी दिली ते कार्डावर बघा. रक्ताची तपासणीही करून घ्या, कारण आपल्याकडे गोचीड ताप फार. वरून टुणटुणीत दिसणाऱ्या कुत्र्याच्याही प्लेटलेट कमी निघतात.

शेल्टरवाल्यांनी तुम्हालाच उलट प्रश्न विचारले, घर बघायला येतो म्हणाले, फॉर्मवर सह्या घेतल्या तर रागावू नका. अनेकांना तो अपमान वाटतो, "आम्ही उपकार करतोय आणि हेच आमची चौकशी करतायत!" चौकशी करणारी संस्था चांगली. पाच मिनिटांत गाडीत कुत्रा घालून देणाऱ्यांपासून जरा लांबच राहा.

ब्रीडरबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. २०१७ सालच्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. चाळीस दिवस म्हणजे सहा आठवडेसुद्धा होत नाहीत. हा नियम कोणाच्या हळवेपणातून आलेला नाही. किती जोराने चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की खेळ थांबतो. तो धडा अर्धवट सोडून आलेलं पिल्लू नंतर मुलांचे हात चावतं आणि मग लोक म्हणतात, ब्रीडच तापट. दुसरं म्हणजे, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात कुत्रा जगाची ओळख करून घेतो: काय सुरक्षित, काय भयंकर. ही ओळख आयुष्यभर पुरते. तुमच्या बेतानुसार या नाजूक दिवसांत त्याला आईपासून तोडून, ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून, बरोब्बर फटाक्यांच्या रात्री नव्या घरात उतरवलं जाणार. यजमानांच्या मनात तसं अजिबात नाही, ते मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आणतायत. पण घडणार हेच आहे.

त्यात पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची भीती वेगळी. लस अपुरी असलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली की दोन-तीन दिवसांत ते दगावू शकतं, आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला काही दिवस जातात. म्हणजे बसमधून उतरताना उड्या मारणारं पिल्लू आठवड्याने सलाइनवर असू शकतं. तो विषाणू घरात कित्येक महिने तग धरतो, म्हणून लगेच दुसरं पिल्लू आणणंही धोक्याचं.

ब्रीडरला फोन करून एकच म्हणा, "आम्हाला पिल्लाची आई बघायची आहे, तिच्या जागेवर." जो प्रामाणिक आहे तो या म्हणेल. "आई दुसरीकडे आहे", "व्हिडिओ पाठवतो", "आज गिऱ्हाईक थांबलंय, उद्या मिळणार नाही" असं काही ऐकू आलं तर समजून घ्या. केनेल क्लबचा कागद आहे असं सांगतील. त्या कागदावरून वंशावळ कळते. त्या आईची किती बाळंतपणं झाली, तिचे खुबे ठीक आहेत का, हे त्यातून कळत नाही, आणि लॅबमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं नेहमीचं आहे. इसाराचे पाच हजार परत मागा. आठ आठवड्यांचा नियम सांगून मागा. नाहीच दिले तर जाऊ द्या. पाच हजार अडकलेत म्हणून बारा वर्षांचा निर्णय रेटायचा नसतो.

आणि घरात सगळ्यांचं मन लॅबवरच बसलं असेल, तर शेल्टरमध्ये लॅब मिळत नाहीत हाही गैरसमजच. बदली झाली, बाळ झालं, सोसायटीत भांडण झालं, कुत्रा आजारी पडला, अशी कारणं सांगून लोक जातिवंत कुत्री आणून सोडतात. काही तर गंगापूर धरणाच्या वाटेवर किंवा हायवेला गाडीतून उतरवून निघून जातात. हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये! आपल्याकडे चहा-मिसळ त्याहून महाग पडते. असो. सांगायचं एवढंच की चार-पाच वर्षांचा, घरात राहायची सवय असलेला लॅब शोधायला थोडा धीर धरलात तर मिळू शकतो.

"मी दुष्ट ठरेन का" या प्रश्नाने मला थोडं थांबवलं. नाही ठरणार. पण मला उलट बाजूची जास्त काळजी वाटते. बिचारा लंगडतो, त्याला कोणी घेणार नाही, पुण्य लागेल, म्हणून आणू नका. दया पहिल्या आठवड्यात भरपूर असते. तिसऱ्या आठवड्यात तो पलंगाखाली शू करतो, पाहुण्यांवर भुंकतो, तेव्हा तोंडातून निघतं, "एवढं केलं आम्ही तुझ्यासाठी!" आपल्याला वाचवलंय हे त्याला ठाऊकच नसतं. तो कुत्रा तुमच्या दुपारीत बसतो का, तुमच्या जिन्यात बसतो का, मुलीला आवडतो तितकाच तुम्हालाही आवडतो का, एवढं बघून आणा. नसेल बसत तर तिथेच दुसरा बघा. मुलगी रडेल. रडू द्या.

गावठी कुत्र्याबद्दल उगाच गोडवे मी गाणार नाही. तो काटक असतो, आखूड केसांमुळे आपला उन्हाळा त्याला सोसतो, आजारही तुलनेने कमी. (पारा चाळिशीला टेकत असताना कॉलेज रोडवर धापा टाकणारे दाट केसांचे हस्की बघवत नाहीत.) पण तो राखणदार असतो. जिन्यातली पावलं ओळखतो आणि अनोळखी पावलांना भुंकतो. तुमच्याकडे सतत येणं-जाणं असेल, भिशी असेल, शेजारची मुलं दार न वाजवता येत असतील, तर हे शिबिरात दिसणार नाही, घरी दिसेल. सांगितलेलं ऐकतो, पण का ऐकावं याचा स्वतंत्र विचार करून. लॅब बिस्किटासाठी काहीही करतो. गावठी कधीकधी बिस्किटाकडे बघून तोंड फिरवतो.

आणखी एक फरक मुलीला समजावून सांगा. शेल्टरमधला कुत्रा वेगळा आणि तुमच्या गल्लीत ऐटीत राहणारा, कानाला खाच असलेला कुत्रा वेगळा. कानाची खाच म्हणजे नसबंदी आणि लसीकरण झाल्याची खूण. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला ऑपरेशननंतर पुन्हा त्याच्याच भागात सोडतात, कारण ते त्याचं घर असतं. त्याला उचलून तिसऱ्या मजल्यावर कोंडणं ही प्रत्येक वेळी माया नसते.

आता सासूबाई. देवघरात दत्तगुरूंचा फोटो असेल, तर त्यातली चार कुत्री दाखवून त्यांना निरुत्तर करण्याचा मोह तुम्हाला होईल. करू नका. वाद जिंकाल आणि दुपार हराल. "रस्त्यावरचं नको" या वाक्यामागे बहुधा दोन-तीन साध्या गोष्टी असतात: पडण्याची भीती, केस आणि वासाची किळस, आणि 'सगळं शेवटी माझ्याच गळ्यात पडणार' ही अनुभवातून आलेली खात्री. तिसरी तर शंभर टक्के खरी आहे. म्हणून त्यांना पटवण्याआधी विचारा: दुपारी तुम्हाला त्याचं काहीही करावं लागणार नाही अशी सोय केली तर चालेल का? देवघराच्या खोलीला लहान मुलांसाठी मिळतं तसं आडवं फाटक लावून घ्या. दुपारी चक्कर मारून आणायला कॉलेजातला एखादा विश्वासू मुलगा पगारावर ठेवा. कुत्र्याची बसायची जागा त्यांच्या चालण्याच्या वाटेपासून दूर करा. एवढं करूनही त्यांनी नाही म्हटलं, तर या वर्षी कुत्रा नको. मुलीला शनिवारी शेल्टरमध्ये मदतीला न्या. तिला कुत्र्यांचा सहवास मिळेल आणि पिंजरे धुण्याचा अनुभवही.

हो आल्यास थेट दत्तक घेऊ नका, आधी फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, दोन-तीन आठवडे मागा. बऱ्याच संस्था देतात. मात्र दिवाळीआधी आणू नका. भेटी आत्ताच सुरू करा, फॉर्म भरून ठेवा, आणि तुळशीचं लग्न होऊन फटाके थंडावले की घरी न्या. नवा कुत्रा फटाक्याच्या आवाजाने दाराच्या फटीतून निसटला, तर त्याला तुमचं घर माहीत नसतं. परत येणार कुठे? म्हणून आणताना गळपट्ट्याबरोबर छातीला बसणारा हार्नेसही घाला. घरी आल्या दिवशी आंघोळ नाही, नातेवाईक नाहीत, रील नाही. कुत्री सांभाळणारे साधारण हिशेब सांगतात की तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे आणि तीन महिने हे घर आपलं वाटण्याचे. पहिल्या दिवशी तो जेवला नाही तर घाबरू नका, आणि पहिल्या दिवशी फार शहाण्यासारखा वागला तर तोच स्वभाव आहे असंही धरून चालू नका. मुलीला नियम एकच: खाताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही. तरीही कधी ओरखडा किंवा दात लागला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. कुत्र्याची लस झालेली असली तरी.

खास नाशिककरांसाठी एक सूचना. आपल्या जिल्ह्याची शान असलेली दोन्ही पिकं कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. कांदा, कच्चा असो की भाजीतला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. हंगामात घरात द्राक्षांच्या पेट्या येतात, त्या जमिनीवर ठेवू नका आणि उरलेली कांद्याची भाजी-पोळी त्याला घालू नका. हे सासूबाईंना आधी सांगा. उरलेलं अन्न प्राण्याला घालण्याची सवय त्यांच्या पिढीची.

सोसायटीचा प्रश्न निघेलच. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. पण हा कागद पहिल्या दिवशी सेक्रेटरीच्या तोंडावर फेकू नका. महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड तयार ठेवा, जिन्यात पट्टा सोडू नका आणि घाण स्वतः उचला. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

अशाच आशयाची आणखी पत्रं आली आहेत, त्यांना इथेच उत्तर देते. एकटे राहून दहा-दहा तास नोकरी करणाऱ्यांनी सध्या कुत्रा आणू नये, शनिवार-रविवार शेल्टरला जावं. ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी हिशेब करावा: मुलं तीन वर्षांत पुण्या-मुंबईला जातील, कुत्रा त्यानंतरही दहा वर्षं तुमच्याकडे असेल. आणि मुलं परदेशी असलेल्या ज्या जोडप्यांनी सोबतीसाठी पिल्लू घ्यावं का असं विचारलं आहे, त्यांनी सात-आठ वर्षांचा कुत्रा बघावा, ज्याला दिवसातून दोन छोट्या चकरा पुरतात. आपल्याला काही झालं तर त्याला कोण नेणार, हे मात्र त्याला घरी आणण्याआधी मुलांशी फोनवर नावानिशी ठरवून घ्यावं.